मरोळचा मुका ड्राइव्ह

मोबाइल खिशात घाला. दूध आटायला अजून वेळ आहे, आणि समोरच्या टॉवरच्या टाकीमागून चंद्र वर आल्याशिवाय कोणाला घोटभरही मिळणार नाही. तोवर एक गोष्ट ऐका. भुताची म्हणा हवं तर. माझ्या चांगल्या ओळखीतल्या मुलावर गुदरलेली आहे, गेल्याच डिसेंबरात, तुम्ही थर्टी फर्स्टला कुठे जायचं यावर भांडत होतात ना, तेव्हाची. तेजल, हसू नकोस. हसणाऱ्यांना नंतर जिन्यापर्यंत सोडायला मलाच यावं लागतं.

मुलाचं नाव सुयोग. भांडुपला राहतो. मूळचे कणकवलीकडचे. बाप गिरणीत होता. आधी गिरणी गेली, मग बाप गेला, आणि शेवंतीने, म्हणजे त्याच्या आईने, धुणीभांडी करून एकुलत्या एका पोराला शिकवलं. पोरगं हुशार निघालं. त्याचा धंदा ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तो म्हाताऱ्या कॉम्प्युटरांचा वैद्य. मरोळच्या वसाहतीत असे कारखाने पुष्कळ आहेत, जिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं यंत्र अजून चालतं आणि त्याच्या शेजारचा तितकाच जुना कॉम्प्युटर ते चालवतो. मालक नवं घेत नाही. बंद पडलं की सुयोगला फोन.

त्यातही त्याचा हातखंडा एका गोष्टीत. पूर्वी पेन ड्राइव्ह नव्हते, तेव्हा तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत एक चकती असायची. ती डबी ड्राइव्हच्या फटीत सारायची, काम झालं की काढायची. आता तसल्या डिस्कही मिळत नाहीत आणि त्यांचे ड्रायव्हरही. ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे रे, नितेश. कॉम्प्युटरला एक भाषा येते, ड्राइव्हला दुसरी. मधे दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. तो जुना झाला की दोघं शेजारी बसून मुके. सुयोग जाऊन नवा दुभाष्या बसवायचा, आणि दोघं बोलायला लागायचे.

घरी बायको श्रुतिका, चार वर्षांची दिशा, आणि आई. श्रुतिकाला चौथा महिना होता. तिचं म्हणणं सरळ होतं, मुलगी झाली तर दिशाचे कपडे उपयोगी पडतील. सुयोग म्हणायचा, मला काहीही चालेल, आईला तेवढा नातू हवाय. अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. हवं असतं स्वतःला आणि नाव आईचं. मुलासाठी त्याने मनात नावही ठरवून ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, श्रुतिकालासुद्धा नाही.

एक जुनी गोष्ट मधेच सांगतो, ती ध्यानात ठेवा. दिशाचं बारसं होतं तेव्हाची. बाळाचं नाव कोण ठेवतं? आत्या. पाळण्यावर वाकून कानात कुर्र्र करते, नाव सांगते, आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप धपके घालतात. आता सुयोगला ना बहीण, ना चुलतबहीण. शेवटी शेजारच्या मानसीला आत्या केली. मानसीने कुर्र्र केलं, बायका हसल्या, धपके पडले. शेवंती तेवढ्यात उठून आत गेली आणि तिने मिक्सर लावला. कुणीतरी डोकावून पाहिलं तर भांड्यात काही नव्हतं. नुसताच फिरत होता, आणि ही ओट्याला धरून उभी.

तर गेल्या डिसेंबरात सुयोगला एका डॉक्टरने बोलावलं. खरं नाव सांगत नाही. मार्तंड डॉक्टर म्हणू. मरोळमध्ये एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याचं सोनोग्राफीचं सेंटर होतं. बंद होऊन वर्षं झाली. इमारत बिल्डरला द्यायची होती, सगळे भाडेकरू गेले होते, वीज तोडायला माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. आत एक जुना कॉम्प्युटर, त्याला तसलाच एक ड्राइव्ह, आणि कपाटात डिस्क. मधे कोणीतरी त्यावर नवी विंडोज टाकली आणि ड्राइव्ह मुका झाला तो झालाच.

"माझा सत्कार आहे पुढच्या महिन्यात," डॉक्टर म्हणाला. "भाषणात दाखवायला जुन्या दुर्मीळ केसेस हव्यात. फोल्डरच्या नावापुढे तारा असेल तेवढ्या काढून दे. बाकीच्या पुसायच्या. पुसून झालं की डिस्क फोडायच्या."

"बाकीच्यांत काय आहे, डॉक्टर?"

"तुला बायको आहे ना? चौथा महिना म्हणालास."

डॉक्टरने आवाज खाली आणला.

"तू माझं काम कर, मी तुझं करतो. उद्या सकाळी तिला घेऊन ये. पेढे आणायचे की बर्फी, ते सांगतो."

मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. एवढं तुम्हाला ठाऊक आहेच. कायद्याने डॉक्टरला तोंड उघडायची बंदी, म्हणून हलवायाच्या दुकानातली भाषा.

"पण त्याला कायदा आहे ना?" सुयोगने विचारलं.

"म्हणून तर तुला रात्री बोलावलंय. आणि काळजी करू नकोस. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही."

डॉक्टर बेरकी होता. ज्याची शेपटी आपल्या पायाखाली, तो भुंकत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि सुयोगने मान डोलावली. त्याला कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. आपण होऊन डोलावली.

तीस डिसेंबर. सोमवार. त्यातून अमावस्या. रात्री नऊच्या सुमारास डॉक्टरने कुलूप उघडून दिलं. धुळीने त्याला दमा व्हायचा, म्हणून तो खाली गाडीत जाऊन बसला. सुयोग एकटा वर. खोलीत तपासणीची कॉट तशीच होती, वरचं रेक्झिन फाटलेलं. भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर, दहा-बारा वर्षांपूर्वीचं. त्याने बाटलीतलं पाणी प्यायलं, बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला आणि कामाला लागला.

पहिला ड्रायव्हर टाकला. यादीत ड्राइव्हच्या नावापुढे पिवळं चिन्ह होतं, ते तसंच राहिलं. दुसरा टाकला, पडदा निळा होऊन कॉम्प्युटर गोठला. पुन्हा सुरू केला. तिसरा त्याने कधीतरी एका गुजराती कारखानदाराच्या माळ्यावरच्या सीडीतून उतरवून घेतला होता. तो टाकला. पट्टी हळूहळू भरली. पिवळं चिन्ह गेलं. ड्राइव्हवरचा हिरवा दिवा लागला. आणि इतक्या वर्षांचं ते यंत्र आतल्या आत फिरलं.

कुर्र्र...

सुयोगला बारसं आठवलं. तो हसलासुद्धा.

मग एकेक डिस्क. घाल, उघड, ताऱ्यावाली केस काढ, बाकी पूस, बाहेर काढ. फोल्डरला बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, तारीख. शेवटी एक अक्षर. पी, नाहीतर बी. कशाचं ते सांगायची गरज नव्हती. बी लिहिलेल्या बायका काही महिन्यांनी पुन्हा यायच्या. पुन्हा बी. पुन्हा यायच्या. पी आलं की ती बाई त्या कपाटातून कायमची सुटायची. सुयोगने सुरुवातीला नावं वाचली, मग वाचणं सोडलं. नावं न वाचता हात भराभर चालतो.

कपाटातली सगळ्यात खालची डिस्क घातली. सवयीने पुसायला गेला आणि थांबला.

शेवंती. पुढे त्याच्या बापाचं नाव. पुढे त्याचंच आडनाव. पत्ता भांडुपचा, चाळीचा, तोच खोली नंबर.

बी.

खाली दुसरं फोल्डर. शेवंती. बी.

तिसरं. बी.

चौथ्यावरची तारीख त्याच्या जन्माच्या पाच महिने आधीची. त्यापुढे पी.

मग त्याने आईला फोन लावला.

"खंय आसस रे? जेवलंस?"

"आई, तू मरोळला कधी आली होतीस?"

"खंयचा मरोळ?"

"डॉक्टर मार्तंडांकडे."

...

"आई."

"तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाही. माझ्यासमोर आहे. चार वेळा आलीस तू. आधी तीन वेळा..."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"आजीने नेलं होतं? बाबांनी?"

...

"आई, तिघी होत्या?"

"तू झालंस मा," शेवंती म्हणाली. "मग? आता कित्याक विचारतंस?"

"मी काय करू याचं?"

"पुसून टाक."

फोन ठेवला तिने.

आता इथे बघा. ह्या पोराला त्या क्षणी उठता आलं असतं. डिस्क खिशात घालायची, जिना उतरायचा, डॉक्टरच्या तोंडावर थुंकायचं आणि घरी जायचं. तीन बहिणी होत्या त्याला. नाव नाही, गाव नाही, नुसतं एक अक्षर. जगात त्यांचं एवढंच उरलं होतं, त्या चकतीवर. त्याने काय विचार केला, सांगू? स्वतः मला म्हणाला. म्हणाला, काका, मला वाटलं, सकाळी डॉक्टरने नाही म्हटलं तर?

त्याने तिन्ही निवडल्या. पुसल्या. मग चौथं, स्वतःचं, तेही पुसलं. पडदा रिकामा.

डिस्क बाहेर काढायचं बटण दाबलं. बाहेर येईना. पुन्हा दाबलं. येईना. त्याने नेहमीची युक्ती केली. कागदाला लावायची क्लिप सरळ करून बटणाशेजारच्या बारीक भोकात घातली आणि ढकलली. डिस्क सुटून हातात आली. गरम होती. हातात धरून ठेवलेल्या वस्तूसारखी.

फट रिकामी. ड्राइव्ह रिकामा.

हिरवा दिवा लागला.

कुर्र्र...

सुयोगने पडद्याकडे पाहिलं. फोल्डर होती. तीन.

त्याने कॉम्प्युटर बंद केला. वायर काढली, भिंतीतून.

कुर्र्र...

दिवा चालूच.

मग पाठीत बसला.

धप.

जोरात नाही. हलका. खुर्चीत बसला होता तो. कमरेच्या वर, इथे. मोठ्या माणसाचा हात इतका खाली नसतो.

धप.

त्याने मागे पाहिलं नाही.

...

धप.

आणि मग कोणीतरी, अगदी कानाशी...

नाही. काय ऐकलं ते त्याने मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

खाली आला तेव्हा डॉक्टर गाडीत घोरत होता. काच वाजवल्यावर उठला.

"झालं?"

"झालं."

"सगळ्या पुसल्यास? फोडल्यास?"

"हो."

बाकीच्या डिस्कचा चुरा पोत्यात होता, तो डॉक्टरने गाडीत घेतला. आईवाली मात्र सुयोगने वेगळी ठेवली होती. ती त्याने मिठी नदीच्या पुलावर आणली, दगडाने ठेचली, चकतीचे तुकडे उडालेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि सगळं खालच्या काळ्या पाण्यात टाकलं. घरी आला. आई जागी होती. तिने ताट वाढलं, तो जेवला.

सकाळी श्रुतिकाला नेहमीची तपासणी म्हणून नेलं. डॉक्टरच्या नव्या दवाखान्यात, नव्या मशीनवर. डॉक्टरने बराच वेळ पाहिलं. दोनदा चष्मा पुसून पाहिलं. मग बाहेर येऊन, हात पुसत, सुयोगच्या जवळून जाताना म्हणाला, "बर्फी आण."

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते भुतापेक्षा वाईट आहे. श्रुतिकाला सांगितलं की बाळाच्या काळजात दोष आहे, जगणार नाही, जगलं तरी हाल होतील. डॉक्टरने स्वतः समजावलं, पाठीवर हात ठेवून. सासूने डोळे पुसले. नवऱ्याने पेन हातात दिलं. ती दोन दिवस रडली आणि मग तिने सही केली. ह्या तिघांतल्या एकाच्याही जिभेला हाड नव्हतं.

दवाखान्यात सुलक्षणा नावाची नर्स होती. आत सगळं उरकल्यावर ती बाहेर आली. सुयोग आणि शेवंती बाकड्यावर बसले होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुलगा होता हो."

डॉक्टर म्हणे आत खुर्चीत बसून होता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, मी स्वतः पाहिलं, मी स्वतः पाहिलं. सत्काराला तो गेला नाही. त्यानंतर त्याने कोणाचंच पोट तपासलं नाही.

शेवंती तिथून घरी आली आणि तिने मिक्सर धुऊन माळ्यावर टाकला. मुलगा होता हे श्रुतिकाला कोणी सांगितलं नाही. ती बिचारी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. दिशाचा लाकडी पाळणा शेवंतीने आधीच हौसेने माळ्यावरून उतरवून पुसून ठेवला होता. तो गॅलरीत तसाच होता. परत वर ठेवायला कोणाचा हात धजत नव्हता.

त्यानंतरची बारावी रात्र. जन्मलेल्याचं त्या दिवशी बारसं असतं. गेलेल्याचंही बाराव्याला करतात. ह्या घरात कोणीच काही केलं नाही. जेवले, दिवे मालवले, झोपले.

सुयोगला जाग आली ती आवाजाने.

कुर्र्र...

घरात एकही कॉम्प्युटर नव्हता. मरोळच्या त्या रात्रीपासून त्याने एकही घरात ठेवला नव्हता.

कुर्र्र...

मग धप. धप. धप.

आणि दिशा हसली. गॅलरीतून.

तो उठला. स्वयंपाकघराच्या दारात शेवंती उभी होती. केस मोकळे. तिनेही ऐकलं होतं. ती पुढे जाईना. तो गेला.

दिशा पाळण्याशी बसली होती. पाळणा हलत होता. तिचे हात मांडीवर होते.

"दिशा... आत चल."

"हळू बोल ना, बाबा. बाळ झोपलंय."

"कोण होतं इथे?"

"आत्या."

"मानसीआत्या?"

"नाही. माझ्या आत्या. तीन आहेत." तिने बोटं दाखवली. "त्यांनी बाळाचं नाव ठेवलं. मग मी त्यांच्या पाठीत मारलं. त्यांनी सांगितलं, मार म्हणून."

मागे शेवंती खाली बसल्याचा आवाज झाला.

"काय... काय नाव ठेवलं?"

"मला नाही सांगितलं. कानात सांगतात ना."

तोवर श्रुतिकाही उठून आली होती. ती कोणाकडे न पाहता सरळ पाळण्यापाशी गेली. आत हात घातला. पोरीला उचलून ती त्याच रात्री निघाली, पहिल्या फेरीबोटीने मनोरीला माहेरी पोचली. ती परत आलेली नाही, आणि येणारही नाही. पण जाण्याआधी तिने पाळण्यातून काय उचललं, ते ऐका.

तळहाताएवढी प्लॅस्टिकची चपटी डबी. आत चकती. अख्खी. कुठे तडा नाही. काळ्या चिखलाने ओली, मिठीचा वास येणारी. वरच्या लेबलवर शिसपेन्सिलने, मोठ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, लहान मुलं लिहितात तसं काहीतरी लिहिलेलं. दिशाला तेव्हा स्वतःचंही नाव लिहिता येत नव्हतं.

श्रुतिकाने ते दिव्याखाली धरलं. अक्षरं लावून वाचलं.

"मिहिर," ती म्हणाली. सुयोगने कोणालाच न सांगितलेलं नाव. मग सुयोगकडे वळली. "हे नाव कोणाचं?"